फोन कोणाचा, नंबर कोणाचा?

स्मरणिकेसाठी ‘काहीतरी तांत्रिक, पण सर्वांना समजेल असे’ लिहून द्या, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. मी डिप्लोमावाला माणूस. रिले, केबल आणि बॅटरी यांच्याशी माझे जमते, लेखणीशी फारसे नाही. पण रेल्वेच्या सिग्नल व टेलिकॉम खात्यात असल्यामुळे कॉलनीतली मंडळी मला दर गणपतीत एक प्रश्न हमखास विचारतात. आरती संपते, हातावर प्रसाद पडतो आणि कोणीतरी बाजूला घेऊन म्हणतो, “साहेब, नवा फोन घ्यायचाय. दुकानदार हप्त्यावर देतोय. हा घेऊ की तो?” प्रत्येकाला वेगळे सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकावे, असे वाटले.

कॅमेरा किती मेगापिक्सेल आणि मेमरी किती, याबद्दल मी लिहिणार नाही. ते आपल्या मुलांना माझ्यापेक्षा जास्त कळते. मी लिहिणार आहे ते कागदावर सही करून फोन घेण्याच्या इतिहासाबद्दल. आपल्या देशात हा इतिहास वाटतो त्यापेक्षा जुना आहे आणि त्यात एक सही माझीही आहे.

ज्यांनी काळा, जड, गोल तबकडीचा फोन वापरला आहे त्यांना आठवत असेल की तो फोन आपल्या घरात असला तरी आपला नसे. तो खात्याचा. बंगळूरच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजने, म्हणजे १९४८ साली सुरू झालेल्या सरकारी कारखान्याने तो बनवायचा, टेलिफोन खात्याने तो बसवायचा आणि आपण भाडे भरायचे. निवडीचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तो नंबर कधी लागतो याचा. प्रतीक्षा यादी वर्षानुवर्षे चाले. त्यातून वाट काढायची तर ‘ओन युवर टेलिफोन’ नावाची योजना होती. मोठी रक्कम आधी भरा आणि रांगेत पुढे या. नाव ‘स्वतःचा टेलिफोन घ्या’ असे, पण त्या पैशात मिळे ती रांगेतली जागा! १९८४ मध्ये टेलिफोनची उपकरणे बनवण्याचे काम खासगी कारखान्यांना खुले झाले आणि मग बटणांचे, रंगीत, हलके फोन बाजारात दिसू लागले. यंत्र आपले आणि तार सरकारची, ही फारकत तेव्हापासूनची.

आमच्या रेल्वेत मात्र यंत्र आणि तार यांची फारकत कधी झालीच नाही, आणि होऊही नये. सेक्शन कंट्रोलचा फोन हा एकाच तारेवर सगळी स्टेशने बांधलेला फोन. कंट्रोलर बोलतो ते सगळ्यांना ऐकू येते. रुळाच्या कडेला सुमारे किलोमीटर-किलोमीटरवर इमर्जन्सी सॉकेट असे. गाडी मध्येच थांबली तर गार्ड आपला पोर्टेबल फोन त्यात खुपसून थेट कंट्रोलशी बोलू शके. तिथे नंबर नाही, बिल नाही, कंपनी नाही. नवीन मुलांना हे सांगितले की ती हसतात. पण या जुन्या तारेचे माझ्यावर एक ऋण आहे, ते पुढे सांगतो.

मोबाइल आपल्याकडे आला ३१ जुलै १९९५ रोजी. कोलकात्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांना पहिला फोन लावला. मोदी टेल्स्ट्रा या कंपनीचे नेटवर्क आणि नोकियाचा हँडसेट. त्या काळी गर्दीच्या वेळी मिनिटाला सोळा रुपयांच्या वर दर होता आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. साहजिकच मोबाइल ही डॉक्टर, बिल्डर आणि पुढारी यांची वस्तू होती. देशाचे सर्कल पाडलेले, प्रत्येक सर्कलचे लायसन्स वेगळे. आपले छत्तीसगड राज्य २००० साली झाले, पण टेलिफोनच्या हिशेबात ते मध्य प्रदेश सर्कलमध्येच राहिले. म्हणजे बिलासपूर एका सर्कलमध्ये आणि आमचे गोंदिया दुसऱ्या. डोंगरगड सोडून गाडी बोरतलावचा चढ चढून दरेकसाकडे उतरली की फोनवर कंपनीचे नाव बदलायचे आणि डब्यातली सगळी मंडळी घाईने फोन बंद करायची, कारण आता येणाऱ्या फोनचेही रोमिंग लागणार! आपल्या स्मरणिकेचे वाचक बहुतेक याच रेषेच्या दोन्ही बाजूंना नातेवाईक असलेले, त्यामुळे हे त्यांना वेगळे सांगायला नको.

२००२ आणि २००३ ही दोन वर्षे म्हणजे या इतिहासाचा गाभा. ऑक्टोबर २००२ मध्ये लखनौला पंतप्रधान वाजपेयी यांच्या हस्ते बीएसएनएलची सेलवन सेवा सुरू झाली. २७ डिसेंबर २००२ रोजी, धीरूभाई अंबानींच्या जन्मदिनाच्या पूर्वसंध्येला, रिलायन्स इन्फोकॉम आली. पोस्टकार्डापेक्षा स्वस्तात फोनवर बोलता यावे हे धीरूभाईंचे स्वप्न, असा तेव्हा प्रचार होता आणि लोकांना तो पटला. १ मे २००३ पासून आलेला फोन फुकट झाला. ज्याने फोन लावला त्यानेच पैसे द्यायचे. त्याच वर्षी जुलैमध्ये ‘मॉन्सून हंगामा’ आला. ५०१ रुपये भरा, फोन घेऊन घरी जा, बाकीचे पैसे महिन्याच्या बिलातून. काही दिवसांतच लाखो लोकांनी नावे नोंदवली. भाजीवाले, रिक्षावाले, प्लंबर यांच्या हातात पहिल्यांदा फोन आला तो या योजनेतून. पुढे हप्ते बुडवणारेही खूप निघाले, पण एका पावसाळ्यात त्या योजनेने मोबाइल श्रीमंतांच्या टेबलावरून उचलून रस्त्यावर आणला, हे मान्य करावेच लागेल.

आता इथे थोडे तांत्रिक. तेव्हा बाजारात दोन पद्धती होत्या. एक जीएसएम. त्यात तुमची ओळख सिम नावाच्या चिपमध्ये. चिप काढा, दुसऱ्या फोनमध्ये घाला, तुमचा नंबर तिथे वाजेल. दुसरी सीडीएमए. ती पद्धत वाईट नव्हती; आवाज स्वच्छ, एका टॉवरवर माणसे जास्त मावत. पण सुरुवातीला आपल्याकडे आलेल्या सीडीएमए फोनमध्ये सिम नसायचे. नंबर फोनच्या पोटातच लिहिलेला. आमच्या भाषेत सांगायचे तर एकात प्लग आणि सॉकेट, दुसऱ्यात थेट सोल्डर. सोल्डर मजबूत असते, पण सोडवायचे तर कारागीर लागतो आणि कारागीर कंपनीच्याच दुकानात बसलेला.

मी रेल्वेत लागलो २००३ साली, ज्युनियर इंजिनिअर म्हणून. त्याच वर्षी १ एप्रिलला बिलासपूरला दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचे मुख्यालय झाले होते आणि सगळीकडे नव्याची लगबग होती. २००४ मध्ये मी फोन घ्यायचे ठरवले. दोन पर्याय होते. पहिला, साधा टॉर्चवाला नोकिया ११०० रोख पैसे देऊन घ्यायचा आणि त्यात प्रीपेड सिम टाकायचे. तो फोन २००३ साली आला होता आणि पुढे जगभर पंचवीस कोटींच्या वर खपला. दुसरा, एका कंपनीची हप्त्यांची योजना. कंपनीचे नाव इथे नको, तशा योजना तेव्हा एकापेक्षा अधिक होत्या. सुरुवातीला अगदी थोडे पैसे, मग छत्तीस महिने हप्ते, आणि फोन दिसायलाही झकास, चमकणाऱ्या निळ्या पडद्याचा. माझा पगार बेताचा. धाकट्या बहिणीचे लग्न ठरत होते. मी निळा पडदा निवडला.

आमच्या विभागात एक बंगाली सिनियर होते, सगळे त्यांना दादा म्हणत. फोन दाखवायला गेलो तर त्यांनी फोन हातातच घेतला नाही. चष्मा वर करून एवढेच विचारले, “कागज पढ़ा?” मी म्हटले, “सही की है.” ते म्हणाले, “वो नहीं पूछा.”

कागद मी वाचलाच नव्हता. बारीक अक्षरांची चार पाने होती. त्यात लिहिलेले होते की मुदतीपूर्वी सोडल्यास उरलेली रक्कम एकदम भरावी लागेल, आणि हँडसेट बिघडल्यास त्याच कंपनीचा मान्य हँडसेट घ्यावा लागेल. दोष लपवणाऱ्याचा नव्हता, न वाचणाऱ्याचा होता. ज्या माणसाला इंटरलॉकिंगचा सर्किट डायग्राम तीनदा तपासल्याशिवाय सही करता येत नाही, त्याने छत्तीस महिन्यांचा करार दुकानाच्या काउंटरवर उभ्याउभ्या सही करून दिला!

नंबर मिळाला आणि पहिले काम केले ते गावी कळवण्याचे. वडिलांनी तो आपल्या डायरीत निळ्या शाईने, ठळक अक्षरात लिहून ठेवला. तिरोडा स्टेशनबाहेर पिवळ्या बोर्डाचा एसटीडी-पीसीओ होता. दर रविवारी संध्याकाळी वडील सायकलने तिथे येत. डायरी उघडून, एकेक आकडा बोटाने दाबून फोन लावत आणि मीटरकडे बघत बोलत. दोन मिनिटांच्या आत सगळे. जेवतोस का, पाऊस कसा आहे, पैसे पाठवू नको, ठेवतो.

२००५ च्या पावसाळ्यात एका स्टेशनजवळ केबल फॉल्ट होता. पाणी साचलेल्या खड्ड्यात वाकून जॉइंट बघत असताना शर्टच्या खिशातून माझा फोन पाण्यात पडला. तो पुन्हा चालू झाला नाही. सिमचा फोन असता तर चिप पुसून सहकाऱ्याच्या फोनमध्ये घातली असती आणि पाच मिनिटांत माझा नंबर वाजला असता. माझा नंबर फोनबरोबरच बुडाला. दुसरा मान्य हँडसेट शहरात शिल्लक नव्हता, मागवावा लागणार होता. मी म्हटले, ठीक आहे, पंधरा दिवस फोनशिवाय राहू. आजवर राहत होतोच की.

त्या पंधरा दिवसांतच वडिलांना घरी चक्कर आली आणि अर्धांगाचा झटका बसला. भाऊजींनी त्यांना गोंदियाला हलवले आणि पीसीओवरून माझा नंबर लावत बसले. रात्रभर तोच आवाज, ग्राहक संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. सकाळी भाऊजींना काय सुचले कोण जाणे, ते तिरोड्याच्या स्टेशन मास्तरांकडे गेले आणि म्हणाले, आमचा मुलगा तुमच्या रेल्वेत बिलासपूरला आहे. मास्तरांनी कंट्रोलचा फोन उचलला. तिरोड्याहून नागपूर कंट्रोल, तिथून बिलासपूर कंट्रोल, तिथून मी ज्या स्टेशनवर काम करत होतो तिथले मास्तर. तासाभरात एक पॉइंट्समन धावत माझ्याकडे आला. ज्या तारेची देखभाल मी करत होतो तिच्यावरूनच मला निरोप आला. त्या तारेवर माझा नंबर लागत नव्हता, नाव पुरत होते.

मिळेल ती गाडी पकडून संध्याकाळी गोंदियाला पोहोचलो. वडील वाचले. उजवा हात पुढे फारसा चालला नाही, पण बोलणे हळूहळू परत आले. शुद्धीवर आल्यावर मला बघून पहिले वाक्य बोलले ते असे: “तुझा नंबर बदलला का रे बाबू?”

त्यात रागही नव्हता. मी आपल्याला न सांगता नंबर बदलला असेल, एवढेच त्यांना वाटले होते. मी पुढच्याच आठवड्यात उरलेले सगळे हप्ते सोसायटीचे कर्ज काढून एकदम भरले आणि टॉर्चवाला फोन व सिम घेतले.

असो. आपण इतिहासाकडे वळू.

२००५ च्या डिसेंबरात ९९९ रुपयांत ‘लाइफटाइम’ प्रीपेडच्या योजना आल्या. हे आयुष्य कोणाचे, असा प्रश्न आमच्या ऑफिसात खूप रंगला होता. उत्तर नंतर कळले: कंपनीच्या लायसन्सचे! मार्च २००६ पासून ‘वन इंडिया’ योजनेत बीएसएनएलने देशात कुठेही एक रुपयात मिनिटभर बोलण्याची सोय केली आणि पिवळ्या बोर्डाच्या पीसीओंचे दिवस भरले.

मग स्मार्टफोनचे युग. इथे अमेरिका आणि आपण यांच्या वाटा कशा वेगळ्या झाल्या ते पाहण्यासारखे आहे. २००८ मध्ये आयफोन थ्रीजी अमेरिकेत १९९ डॉलरला मिळत होता, पण एटी अँड टी कंपनीशी दोन वर्षांचा करार करूनच. फोनची खरी किंमत महिन्याच्या बिलात मुरवलेली असे. तोच फोन २२ ऑगस्ट २००८ रोजी एअरटेल आणि व्होडाफोनने आपल्याकडे आणला तो ३१,००० रुपयांना. लोक चक्रावले. वर्तमानपत्रांत डॉलरचे रुपये करून लोकांनी हिशेब मांडले आणि आपल्याला लुबाडले जात आहे असा ओरडा झाला. तसे नव्हते. तिकडे किंमत लपलेली होती, इकडे उघडी होती एवढेच. आपल्याकडे बहुतेक ग्राहक प्रीपेडवाले, महिन्याचे बिल लहान, पत्ता बदलत राहणारा, थकबाकी वसूल करणे अवघड. २००३ सालचा अनुभव कंपन्या विसरल्या नव्हत्या. २०१३ च्या नोव्हेंबरात रिलायन्स कम्युनिकेशन्सने चोवीस महिन्यांच्या करारावर आयफोन देण्याचा प्रयत्न केला, तोही क्रेडिट कार्ड असणाऱ्यांसाठी. ती पद्धत रुजली नाही.

आपला माणूस उलट दिशेने गेला. त्याने दोन सिमचे फोन उचलले. एका सर्कलचे एक सिम, गावाकडचे दुसरे. मायक्रोमॅक्ससारख्या कंपन्या यावरच मोठ्या झाल्या आणि नोकियासारखी बलाढ्य कंपनी दोन सिमचे फोन आणायला २०११ पर्यंत थांबली, ते तिला महागात पडले. मला विचाराल तर दोन सिमचा फोन हा भारतीय ग्राहकाने कंपन्यांना दिलेला सर्वांत शहाणा जबाब होता. आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर पोर्टेबिलिटी लागू झाली. हरियाणात ती दोन महिने आधीच सुरू झाली होती. १९ रुपयांत कंपनी बदला, नंबर तोच. ३ जुलै २०१५ पासून सर्कल बदलले तरी नंबर नेता येऊ लागला. त्याच वर्षी १५ जूनपासून बीएसएनएलने रोमिंगमध्ये येणारे फोन फुकट केले होते. इतरांनी पुढे तेच केले. आता दरेकसाच्या बोगद्याजवळ कोणी फोन बंद करत नाही.

२०१६ च्या सप्टेंबरात जिओ आली. २०१७ मध्ये १,५०० रुपये परतीच्या ठेवीवर जिओफोन आला. त्यात दुसऱ्या कंपनीचे सिम चालत नसे. जुनी सीडीएमए सेवा त्याच सुमारास आवरली गेली, पण यंत्र आणि नंबर एकत्र बांधण्याची कल्पना काही मेली नाही. १ जानेवारी २०१९ पासून आपल्या रेल्वेचे सीयूजी नंबर जिओकडे गेले तेव्हा आमच्या कित्येक जुन्या सहकाऱ्यांना टॉर्चवाले फोन कपाटात ठेवावे लागले, कारण जुन्या टूजी फोनमध्ये ते सिम चालण्यासारखे नव्हते.

आज करार टेलिफोन कंपनीशी होत नाही, कर्ज देणाऱ्या कंपनीशी होतो. ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणतात त्याबद्दल एवढेच सांगतो की सप्टेंबर २०१३ मध्येच रिझर्व्ह बँकेने बँकांना शून्य टक्के व्याजाच्या योजनांबद्दल बजावले होते. व्याज शून्य नसते, ते प्रोसेसिंग फीमध्ये किंवा न मिळालेल्या रोख सवलतीत बसलेले असते. दुकानदाराला आधी रोखीचा भाव विचारावा, मग हप्त्यांची बेरीज करावी. फरक तिथेच दिसतो. आणि अशा काही फोनमध्ये हप्ता चुकला तर दुरून कुलूप लावणारे ॲप घातलेले असते. त्याची संमती आपण सहीबरोबरच देतो. बँकेचे निरोप, आधारचा ओटीपी, घरच्यांचे फोन, सगळे त्याच पडद्यामागे. हप्त्यावर घेऊ नका असे मी म्हणत नाही. मी स्वतः घरचा फ्रीज हप्त्यावर घेतला. पण फ्रीज बंद पडला म्हणून कोणाला माझ्यापर्यंत पोहोचता आले नाही, असे होत नाही.

या जूनमध्ये आमची कन्या पुण्याला इंजिनिअरिंगला गेली. जाण्याआधी तिच्यासाठी फोन घ्यायला आम्ही दोघे दुकानात गेलो. तिला जो आवडला तो बजेटपेक्षा सात हजारांनी वर होता. दुकानदाराने हप्त्यांचा कागद टॅबवर उघडून तिच्यापुढे धरला आणि सही करायची जागा बोटाने दाखवली. मी म्हटले, आधी वाच. तिने तिथेच स्टुलावर बसून सगळा वाचला, वीस मिनिटे लागली, दुकानदार दोनदा चहा घेऊन आला. वाचून झाल्यावर तिने टॅब परत दिला आणि खालच्या किमतीचा फोन रोख घेतला. निर्णय तिचा होता, मी काही बोललो नाही.

वडील २०१४ मध्ये गेले. त्यांची डायरी माझ्याकडे आहे. माझा पहिला नंबर त्यात एका रेघेने खोडलेला आहे. त्याच्या खाली डाव्या हाताने, वेड्यावाकड्या आकड्यांत, दुसरा लिहिलेला आहे. तो नंबर आजवर तीन कंपन्यांमधून फिरला, पण बदलला नाही. कन्येने पुण्याहून पहिला फोन केला तो त्याच नंबरवर.